नवजीवन बँडची दुसरी कॅसेट

बद्रीनाथ हळू चालायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पिंपळखेड्यात कुणालाही त्याच्याबद्दल विचारलं असतं तरी पहिल्यांदा हेच ऐकायला मिळालं असतं. माणूस आळशी नव्हता, पायानं अधू नव्हता, अंगानं तर बैलाला लाजवील असा. पण चालणं म्हणाल तर पुढचं पाऊल मागच्या पावलाला विचारून टाकणार. परतूरचा बाजार गावापासून तीन मैलांवर. बाकीचे लोक बाजार करून दुपारी घरी येऊन जेवायचे, हा दिवेलागणीला उगवायचा, आणि कुठं होतास म्हणून विचारलं तर म्हणायचा, "चालून राह्यलो होतो की." त्याची बायको साळूबाई नेमकी त्याच्या दुप्पट वेगाची. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं तिच्या माहेरी निघाली तेव्हा ती बसमध्ये चढली, बस सुटली, आणि हा अजून फाट्याकडे येतच होता. जावई दुसऱ्या दिवशी एकटाच सासुरवाडीला पोचला. ही गोष्ट साळूबाई पुढं तीस वर्षं सांगत होती, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी.

अशा माणसाला ढोल मिळाला तो त्याच्या खांद्यांमुळे. १९८१ साली घनसावंगीला एका चुलतभावाच्या लग्नात तो वऱ्हाडी म्हणून गेला होता. वरातीला परतूरचा नवजीवन बँड होता. अर्ध्या वाटेत मोठ्या ढोलवाल्याच्या पाठीत उसण भरली आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. "जरा धरता का?" म्हणून कुणीतरी ढोल बद्रीनाथच्या गळ्यात अडकवला. थोडा वेळ त्यानं नुसता धरला. मग हातात टिपरू आहे, गळ्यात ढोल आहे, तर वाजवून पाहावं म्हणून एक ठोका दिला. नवरदेवाच्या घरापर्यंत तोच वाजवत गेला.

बँडचा मास्तर पुंजाराम क्लॅरोनेट वाजवायचा. परतूरच्या कडेला त्याची पाच एकर जमीन होती. लग्नसराईत बँड आणि बाकीच्या दिवसांत कापूस. त्यानं वरात संपल्यावर बद्रीनाथला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "हात बरा हाय. खांदा त्याच्याहून बरा हाय. येता का आमच्यात?"

घरी अप्पाराव, म्हणजे बद्रीनाथचे वडील, भडकले. "आपण बँड लावणारे लोक हावोत, वाजवणारे न्हाई," म्हणाले आणि पंधरा दिवस मुलाशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी गावातल्याच एका लग्नात नवजीवन बँड आला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि गळ्यात हा एवढा ढोल, अशा थाटात पोरगा वेशीतून आत येताना दिसला तेव्हा अप्पाराव शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "शेवटचा पाहिला का? आपला हाय." बापाचा राग असाच असतो. तो जायला फक्त चांगलं निमित्त हवं असतं.

शेवटचा, हे मात्र खरं. बँडमध्ये सगळ्यात पुढे पुंजारामाचं क्लॅरोनेट, मग ट्रंपेट, मग छोटे ढोल, मग झांजा आणि खुळखुळे, आणि सगळ्यात मागे मोठा ढोल. पुढच्यांवर लोक नोटा ओवाळतात, मागच्याच्या पायात पोरंटोरं येतात. बद्रीनाथला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला ढोलाचा घुमारा पोटात उतरलेला आवडायचा. पेरणी, खुरपणी, वेचणी हे सगळं तो करत होता, पण लग्नसराई जवळ आली की माणूस आतून उजळायचा.

१९८८ साली पुंजारामाच्या डोक्यात कॅसेटचं खूळ शिरलं. जालन्याच्या कुठल्याशा बँडनं कॅसेट काढली होती. जालन्याचे काढतात तर परतूरचे का नाही, एवढंच कारण. परतूरला टेलिफोन ऑफिसात नरहरराव म्हणून होते. त्यांना आवाज टिपायचा भारी नाद. घरच्या माडीवर त्यांनी भिंतींना रजया टांगून एक खोली केली होती आणि पगारातला बराचसा भाग त्या खोलीत घातला होता. त्यांच्या बायकोला, रजनीबाईंना, त्या रजया कधी धुवायला मिळाल्या नाहीत.

तर बँड त्या खोलीत गेला. सगळे गणवेशात. जोडे जिन्याखाली काढलेले. रजनीबाईंनी आदरानं सतरंजी अंथरली होती, आणि सतरंजी अंथरलेली दिसली की आपल्याकडचा माणूस बसतो. अकराच्या अकरा जण मांडी घालून बसले. जन्मात पहिल्यांदा नवजीवन बँड बसून वाजवणार होता, आणि त्यात काही चुकतंय हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

बद्रीनाथनं पहिला ठोका दिला तसा नरहररावांच्या मशीनवरचा काटा टोकाला जाऊन आपटला आणि खिडकीची काच थरथरली. "तुम्ही जरा बाहेर बसा," नरहरराव म्हणाले. तो गॅलरीत गेला. मग जिन्यात गेला. शेवटी खाली अंगणात, पाण्याच्या हौदापाशी, ढोलावर रजनीबाईंची गोधडी घालून बसला. वर खिडकीतून पुंजारामाचा भाचा शिवाजी हात हलवायचा, तो हलला की वाजवायचं, थांबला की थांबायचं. दिवसभर त्यानं इमानानं गोधडी बडवली.

कॅसेट निघाली तेव्हा बद्रीनाथनं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं. साळूबाईनं आळीतल्या बायकांना बोलावलं, चहा ठेवला. बायका ऐकत बसल्या. चाली ओळखीच्या होत्या, पण कुणीतरी मागं लागल्यासारख्या. सात मिनिटांची चाल चार मिनिटांत संपत होती. एक बाजू संपली, दुसरी संपली. शेवटी शेजारच्या चांगुणाबाईनं विचारलंच, "समदे हायेत. तुमचे मालक कुठं हायेत?"

"असतील मागं," साळूबाई म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली. बायका गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "एक घंटा कान लावून बसले. नरहररावाच्या गल्लीतलं कुत्रं आलं ऐकू. तुम्ही न्हाई आले."

परतूरच्या स्टँडवर पानवाला ती कॅसेट लावायचा आणि गिऱ्हाइकांना विचारायचा, "ही वरात हाय का नवरी पळवून नेऊन राह्यले?" सगळं परतूर हसलं. बद्रीनाथही हसला. पण त्याला फार वाईट वाटलं. वरात संपली की वाजवलेलं सगळं हवेत जातं. फोटोवाला नवरा-नवरीचा फोटो काढतो, ढोलवाल्याचा काढत नाही. सात वर्षं वाजवलं त्यातला एखादा तुकडा कुठंतरी राहावा, साळूनं तो ऐकावा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

तीन वर्षांनी दुसऱ्या कॅसेटचं ठरलं. आता शिवाजी चांगला बावीस-तेवीसचा झाला होता. ट्रंपेट झकास वाजवायचा आणि जालन्याला जाऊन येऊन त्याच्या डोक्यात नवीन आवाज भरले होते. जुनी कॅसेट लोकांनी हसण्यावारी का नेली, तर ताल पळाला म्हणून, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरही होतं. त्यावर त्यानं उपाय शोधला. जालन्याहून तो भाड्यानं एक की-बोर्ड घेऊन आला. त्यात ताल आधीच भरलेला, बटण दाबलं की ठुक-टाक सुरू.

पुंजाराम मुद्दाम सायकल मारत पिंपळखेड्याला आला. पाणी प्यायला, पिकाची चौकशी केली, पुन्हा पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बद्री, या बारीला ताल मशीन देणार हाय. वरातीला तूच. नुसतं कॅसेटीपुरतं. पण तू ये बरं संगं."

"बराबर हाय," बद्रीनाथ म्हणाला.

साळूबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. पुंजारामाची सायकल वळली तशी म्हणाली, "मागल्या बारीला अंगणात बसवलं. आता अंगणात बी न्हाई का?"

"मास्तरनं बोलावलं, जावं लागतं."

"जा ना. पण ढोल न्या. वाजवू न्हाई दिला तर टेकून बसायला कामी येईल."

गणपती उठून गेले होते, लग्नसराईला अवकाश होता, कापूस फुटायचा होता. पितृपंधरवड्यात नवीन काम काढू नये म्हणतात, पण पुंजारामाचं मत असं की वाजवायला मुहूर्त लागतो, टेप भरायला लागत नाही. सकाळी नऊला सगळे त्याच माडीवर, त्याच सतरंजीवर बसले. ढोल जिन्याखाली, बद्रीनाथ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

वर ठुक-टाक सुरू झालं. बँड सुरू झाला. अर्धी चाल होईपर्यंत बँड पुढं आणि मशीन मागं. थांबले. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. पुंजाराम वैतागून म्हणाला, "हे मशीन मागं ऱ्हातं."

"मशीन कशाला मागं राहील मामा? आपण पळून राह्यलो," शिवाजी म्हणाला.

असं अकरा वेळा झालं. पायरीवर बसलेल्या बद्रीनाथला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मशीन हरतंय याचा त्याला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. आणि शेवटी दारातून पुंजारामाचा घामेजलेला, पडलेला चेहरा दिसला तेव्हा त्याला वाटलं, माझा ढोल राहू दे बाजूला, पण या माणसाची कॅसेट पुन्हा हसण्यावारी जाऊ नये.

दुपारी रजनीबाईंनी सगळ्यांना जेवायला वाढलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, तेलात परतलेला ठेचा. जेवण झालं, हात धुतले, आणि पुंजारामानं सवयीनं क्लॅरोनेट उचललं. नवजीवन बँडचा एक रिवाज होता, तो पुंजारामाच्या बापापासूनचा. ज्या घरी जेवलं त्या घराच्या दारात एक चाल वाजवल्याशिवाय निघायचं नाही. मग ते घर लग्नाचं असो की नसो.

"वैनी, वाजवतो बरं का. अन्न अंगी लागत न्हाई नाहीतर."

"पितृपंधरवड्यात दारात बँड?" रजनीबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या. मग त्यांनाच हसू आलं. "वाजवा. आमच्या पितरांनाही जरा बरं वाटेल."

रिवाजाला मशीन चालत नाही. बद्रीनाथनं जिन्याखालून ढोल काढला, गळ्यात अडकवला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुंजारामानं दारात सूर धरला आणि सवयीनं बँड गल्लीतून चालू लागला.

सकाळपासून जे फाटत होतं ते पंचवीस पावलांत जुळून आलं. क्लॅरोनेट डुलायला लागलं, शिवाजीचं ट्रंपेट त्याच्या अंगावर रेलायला लागलं, झांजा मधूनच हसल्यासारख्या वाजायला लागल्या. घराघरांतून लोक बाहेर आले. रजनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "यांना एवढं येतं, मग वर काय होतं यांना?"

नरहररावांचा हात अजून उष्टा होता. ते तसेच बँडच्या बाजूनं चालत निघाले, आणि वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायला लागले. अकरा माणसं, बावीस पाय, आणि सगळे एकाच वेळी पडत होते. पुढचा कुणी मागं वळून बघत नव्हता. तरी मागं बद्रीनाथचं पाऊल पडायचं तेव्हाच सगळ्यांचं पडायचं, आणि त्याचं पाऊल ढोलाच्या ठोक्यावर पडायचं. दहा वर्षं हा बँड या माणसाच्या चालीनं चालत होता, आणि हे त्याच्यासकट कुणालाच माहीत नव्हतं.

कोपऱ्यावर नरहररावांनी बँड थांबवला आणि हे सांगितलं. शिवाजीला पटलं नाही. "असं कुठं असतं का हो?"

"बघू या. बद्रीनाथ, तुम्ही इथं थांबा. बाकीचे वाजवत घरापर्यंत जा."

बाकीचे गेले. गल्ली निम्मी होईपर्यंत बँडची लगबग सुरू झाली आणि घर येईपर्यंत खुळखुळेवाला अक्षरशः धावत होता. रजनीबाई हसून हसून दाराला टेकल्या. शिवाजीनं ट्रंपेट खाली घेतलं, धापा टाकत लांब कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बद्रीनाथकडे पाहिलं आणि तोही हसायला लागला. पोरगं मोकळ्या मनाचं होतं. चूक कळली की त्याला कबूल करायला दिवस लागायचा नाही. "बद्रीकाका," त्यानं तिथूनच हाक मारली, "या बरं जल्दी." आणि मग आपणच म्हणाला, "न्हाई न्हाई. या तुमच्या हिशोबानं."

"मंग उद्या बद्रीला माडीवर मशीनच्या जागी बसवू," पुंजाराम म्हणाला.

"बसवायचं नाही," नरहरराव म्हणाले. "बसवलं तिथंच चुकलं आपलं. मी तीन वर्षं उगीच माझ्या टेपच्या मशीनला शिव्या दिल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या आवारात गेली. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे आवार रिकामं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळी जागा. राखणदाराच्या खोलीतून वायर ओढून नरहररावांनी मधोमध एका स्टुलावर मायक्रोफोन उभा केला. बँड पलीकडच्या भिंतीपाशी गेला. ठरलं ते एवढंच, की तिथून वाजवत यायचं, मायक्रोफोनपाशी थांबायचं नाही, सरळ पुढं कापसाच्या वजनकाट्यापर्यंत जायचं. नवरीच्या घरी जातो तसं.

सुरू झालं तेव्हा मशीनवरचा काटा जेमतेम हलत होता. नरहररावांचा हात बटणाकडे गेला, मग त्यांनी तो मागं घेतला. आवाज लांबून येत होता आणि येऊ देण्यातच मजा होती. हळूहळू क्लॅरोनेट मोठं झालं, जवळ आलं, अगदी कानाशी बोललं आणि पुढं गेलं. त्याच्या मागून ट्रंपेट आलं आणि गेलं. छोटे ढोल, झांजा, खुळखुळे गेले. आणि सगळे पुढं निघून गेल्यावर, त्यांच्या दूर जाणाऱ्या सुरांच्या अलीकडे, एकटा मोठा ढोल आला. ना रजई, ना गोधडी. काटा टोकाला जाऊन आपटला. नरहररावांनी बटण जरासं खाली घेतलं आणि त्याला येऊ दिलं. बद्रीनाथ मायक्रोफोनसमोरून आपल्या चालीनं गेला. त्याला घाई करायला सांगून उपयोग नव्हता, आणि त्या दिवशी कुणी सांगितलंही नाही.

चाल संपली तसा पुंजाराम तिकडच्या टोकाहून पळत आला. "बद्री आला का कॅसेटीत?"

"आला," नरहरराव म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी आला आणि सगळ्यात जास्त वेळ राहिला."

बद्रीनाथ हे ऐकत उभा होता. ढोल गळ्यात असल्यामुळे डोळे पुसायला हात पोचत नव्हता, म्हणून त्यानं ते तसेच राहू दिले.

पहिल्या कॅसेटवर बारा चाली होत्या. दुसऱ्यावर आठच मावल्या, कारण सात मिनिटांची चाल सात मिनिटं चालली. एका चालीत खुळखुळेवाला शिंकलेला ऐकू येतो. सगळीकडे जमिनीवर पडणारे जोडे ऐकू येतात. पहिल्या कॅसेटचा बँड कोंडून घातलेला होता, हा रस्त्यानं येणारा होता. परतूरच्या पानवाल्यानं ती लावली तेव्हा बाकड्यावर बसलेली तीन माणसं वरात कुठं आली ते बघायला उठून रस्त्यावर गेली, आणि ते पाहून पानवाल्यानं आपला जुना विनोद बंद केला. टेंभुर्णीपासून लोक बोलवायला आले. "कॅसेटीतल्यासारखं वाजवा" म्हणायचे, म्हणजे मोठा ढोल मागं जरा लांब ठेवा. पुढं बँजोवाले आले, मग मोठाले स्पीकर लावलेल्या गाड्या आल्या. नवजीवन बँड त्यातूनही तगला, आणि बद्रीनाथ दोन हजार चार सालापर्यंत त्याच्या शेवटी चालत राहिला. पण ती कॅसेट घरी आली तो दिवस सांगायचा राहिला.

दिवाळीच्या चार दिवस आधी, दुपारच्या वेळी, बद्रीनाथ कॅसेट खिशात घालून घरी आला. साळूबाईनं या वेळी कुणाला बोलावलं नव्हतं. गेल्या वेळची कपबशी तिच्या मनात होती. चांगुणाबाईचा टेपरेकॉर्डर मात्र तिनं कालच मागून आणला होता. दोघं भिंतीला टेकून बसली. त्यानं बटण दाबलं.

आधी काहीच ऐकू येईना. साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग लांबून बारीक सूर आला, शेताच्या पलीकडून यावा तसा. वाढत गेला. क्लॅरोनेट घरात आलं आणि मागच्या दारानं गेल्यासारखं गेलं. ट्रंपेट गेलं. साळूबाई पुढं सरकून बसली. झांजा गेल्या, खुळखुळे गेले. आणि मग मागून, हळू हळू, एक ठोका, मग दम खाऊन दुसरा ठोका, तो जवळ यायला लागला.

साळूबाई उठली. बद्रीनाथला वाटलं, चुलीवर काही असेल. ती आत गेली, तांब्या पाण्यानं भरला, पदर सारखा केला आणि दारात जाऊन उभी राहिली. बाहेरून दमून येणाऱ्या माणसाच्या पायावर घालायला तिनं पाणी आणलं होतं. ढोल अगदी दाराशी आला, तेव्हा तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. ज्याच्यासाठी पाणी आणलं तो तिच्या मागं, घरात, भिंतीला टेकून बसलेला होता.

तिनं वळून पाहिलं आणि ती इतकी हसली की तांब्यातलं पाणी हिंदकळून उंबऱ्यावर सांडलं. "आले का?" ती म्हणाली.

"आलो," बद्रीनाथ म्हणाला. तो सावकाश उठला, दारात गेला, आणि तिनं घातलेल्या पाण्याखाली त्यानं दोन्ही पाय स्वच्छ धुतले.